आडवी मॅच

बाबूजी आंघोळीले जाये तरी शिट्टी गळ्यातच राहे. पितळेची, जुनी, काळ्या दोरीतली. मी नवीन नवीन त्या घरी राहायले आली तवा मले वाटे हा म्हातारा येडा हाये आन् आपण कुठी येऊन फसलो. नळ आला की शिट्टी, कचऱ्याची गाडी आली की शिट्टी, मागच्या खोलीतल्या बाईनं एक बादली जास्त भरली की दोन शिट्ट्या आन् वरतून हात असा सरळ केलेला, म्हणजे आता दुसऱ्याची पाळी. ते बाई भांडायले लागली की बाबूजी म्हणे, "रेफरीसोबत बहस नाही करायची. कॅप्टनले पाठवा."

"कॅप्टन ड्यूटीवर गेला बाबूजी."

"मंग कॅप्टन येईपर्यंत बादली बाजूले ठेवा."

आन् ते ठेवे. हसत हसत, पण ठेवे.

बाबूजी आमचे घरमालक. अंगणाच्या तिन्ही बाजूनं खोल्या, त्यातली एक आमची. नोकरीतून रिटायर झाले, बायको वारली, पोरगा पुण्याले, आन् ह्या माणसाजवळ उरली ते फुटबॉलची रेफरीगिरी. नागपुरात फुटबॉल लय चालते, पण पेपरात येते तसा नाही. मोहल्ल्या मोहल्ल्याच्या टीमा, त्यात कोणी ऑटो चालवते, कोणी सेंट्रिंगच्या कामावर जाते, रविवारी सकाळी बूट घालून ग्राउंडवर. अशा खालच्या डिवीजनच्या टीमायची एक जुनी लीग होती, आन् बाबूजी त्या लीगचे सगळ्यात जुने रेफरी. आमचे हे लग्नाच्या आधीपासून नागपुरात कामाले, ते पण त्याच लीगमध्ये खेळत होते, बॅकले. म्हणून तं खोली भेटली.

आमच्यात भांडण झालं एकदा, खोलीत येऊन जास्त दिवस झाले नव्हते, ह्यायचा आवाज वाढला आन् माहा पण वाढला. दार ढकलून बाबूजी आत. मधात उभे राहिले, खिशातून पिवळं कार्ड काढलं, ह्यायच्या तोंडासमोर धरलं. मंग माह्याकडे वळले, मले पण तेच. मी पदर तोंडाले लावून हसू का रडू अशी झाली.

"बाबूजी, हे माही बायको हाये," हे म्हणाले.

"मले तुमचं नातं नाही पाहायचं. आवाज दोघायचा होता."

त्याहीचं एक बोलणं होतं, रेफरीले घरचं कोणी नसते. ते नुसतं बोलणं नव्हतं. त्याहीचा पोरगा तरुणपणी खेळत होता, चांगला खेळे म्हणते, आन् एका फायनलमध्ये त्यानं समोरच्याले कोपर मारली तं बाबूजीनं त्याले लाल कार्ड देलं. सख्ख्या पोराले. टीम हारली, पोरानं बूट नाल्यात फेकले, आन् काही वर्षानं पुण्याले गेला तं वर्षातून एकदा येये, तेही पाहुण्यासारखा. मी एकदा इचारलं, बाबूजी, तुमाले नंतर वाईट नाही वाटलं? त्याहीनं शिट्टी धोतरानं पुसली. मंग म्हणे, "कोपर होती."

आता आमी त्या खोलीत काहून होतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजन. माहं सासर नरखेडकडे, मी आठवी शिकली आन् लग्न झालं. पोट्टी झाली, ते रांगायले लागली आन् एक दिवस चुलीजवळ बसल्या बसल्या तिचे डोळे वर गेले, अंग ताठ, हातपाय झटके देऊन राहिले, तोंडातून फेस. सासूनं कांदा फोडून नाकाले लावला, कोणी अंगारा आणला, यष्टी निघून गेलती, मंग दिराच्या मोटरसायकलवर तालुक्याले, आन् तिथून नागपूरले पाठवलं. पोट्टी वाचली. डॉक्टरीणबाई म्हणे, हे पुन्हा पुन्हा होऊ शकते, औषध चुकवायचं नाही आन् दवाखान्याच्या जवळ राहा. मले तेवढंच ऐकू आलं, दवाखान्याच्या जवळ. तवापासून मी ते खोली धरून बसली. मले बाकी काही नको होतं. गावाले परत जायचं नाव निघालं की मले तिच्या तोंडातला फेसच दिसे, अजूनही दिसते.

डॉक्टरीणबाईनं अजून एक सांगतलं होतं, झटका किती वेळ राहते ते घड्याळात पाहत जा. कशी पाहू? पोटची पोट्टी तडफडून राहिली आन् मी घड्याळ पाहू? मी तं नुसती किंचाळत होती. पयल्यांदा त्या खोलीत झटका आला तवा बाबूजी धावत आले, मॅचचं घड्याळ त्याहीच्या मनगटाले राहेच, ते दाबलं, गुडघ्यावर बसले, पोट्टीले कुशीवर वळवलं आन् मॅचमध्ये बोलल्यासारखं बोलायले लागले. "चालू हाये. चालू हाये. तू आवाज नको करू, तिले जागा दे. चालू हाये. आता कमी होऊन राहिलं. पाय थांबला. हात थांबला. फुल टाइम."

फुल टाइम म्हणलं की मी भुईवर बसून जात होती. मंग ते डॉक्टरीणबाईले सांगायले स्वतः येये, टोपी काढून, हात मागं बांधून. आमच्या दोघायपैकी कोणाले जमलं नसतं ते.

तं असं चालू होतं आन् नवी लीग निघाली.

ते काढणारा इतवारी बाजारातला एक धान्याचा शेठ. मोठी गोडाउनं त्याची. त्यानं म्हटलं जुनी लीग म्हणजे म्हाताऱ्यायची लीग, आपण नवी काढू, चमकदार ड्रेस, मोबाइलवर मॅच, रील. आन् त्याले टीमा पायजे होत्या तं कोणत्या टीमा? ह्याच. मोहल्ल्याच्याच. पोट्टे तेच, ग्राउंड तेच, रविवार तोच. जुन्या लीगचे अध्यक्ष म्हणाले, जो तिकडे जाईन त्याले इकडे बंदी. शेठ म्हणाला, जो इकडे सही करून तिकडे पाय ठेवन त्याले इकडे बंदी. दोघंही म्हणे, नागपूर आमचं. नागपूरले कोणी इचारलंच नाही.

बाबूजी त्या लीगचं नावही घेत नव्हते, "पलीकडचे" म्हणत. पलीकडच्यायचा ऑटो भोंगा लावून एकदा आमच्या गल्लीत शिरला, तं बाबूजी धोतरावरच रस्त्यात आडवे, हातात लाल कार्ड. ऑटोवाला म्हणे, "बाबूजी, मी तं भाड्यानं फिरून राहिलो."

"मंग भाड्यानं मागं जा."

त्यानं खरंच रिव्हर्स घेतला, अख्खी गल्ली दारात येऊन हसली. मीही हसली. मले माहीत नव्हतं हे आपल्या घरी येऊन राहिलं.

ह्यायचं काम तवा रोजचं होतं, इतवारीत टेम्पो खाली करायचं, आज हाये उद्या नाही. शेठनं बोलावलं आन् म्हणाला, माह्या टीमकडून हा सीझन खेळ, सीझन संपला की गोडाउनमध्ये कायमचा लावून घेतो. कायमचा. हे घरी आले, बूट काढले नाही, तसेच दारात बसले आन् म्हणाले, "आता काय करू सांग."

मी काय सांगू? मले तं पोट्टीच दिसत होती. मी म्हटलं, "बाबूजी काढतीन आपल्याले." 

"आन् काम नाही राहिलं तं खोलीत बसून खाऊ काय वं?"

सही केली त्याहीनं. टीमची नवीन बनियन भेटली, संत्र्याच्या रंगाची, भडक. मी ते धुवून अंगणातल्या दोरीवर टाकली, लपवून कुठी टाकणार होती, दोरी एकच. बाबूजी बाहेर आले, बनियनसमोर उभे राहिले. हात खिशाकडे गेला. मी दाराच्या आडून पाहून राहिली होती. त्याहीनं हात तसाच खाली घेतला आन् ह्यायले हाक मारली.

"सही केली?"

"हो बाबूजी."

"कायच्यासाठी?"

"शेठ पक्कं लावून घेतो म्हणते. पोट्टीचं औषध..."

"पोट्टीले मधात नको आणू. तुले पायजे होती नोकरी, सरळ सांग."

"पायजे होती बाबूजी."

"मंग नीट खेळ. मी तुही मॅच पाहायले येणार नाही." एवढं बोलून आत गेले. खोली खाली करा म्हणतीन म्हणून मी दिवसभर भांडे बांधू का नको करत बसली. काही म्हणाले नाही. दोन-चार दिवसानं जुन्या लीगचे अध्यक्ष आले, अंगणात खुर्ची टाकून बसले, मले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाले, "बाबूजी, तुमच्या घरात पलीकडचा प्लेयर ठेवेल हाये. लोकं बोलून राहिले."

"खोली माही हाये. लीगची नाही."

"पाहून घ्या. तुमालेच जड जाईन."

"च्या घेता काय?" बाबूजी म्हणाले. अध्यक्ष च्या न घेता गेले.

आन् मंग तो रविवार. दोन्ही लीगची सेमीफायनल, ग्राउंड एक. एकानं एका ऑफिसातून परवानगी आणली, दुसऱ्यानं दुसऱ्यातून, दोघायजवळ कागद. शेठच्या लोकायनं उजाडता उजाडता येऊन लांबीनं चुन्याची फक्की मारली, गोलपोस्ट गाडले. जुनी लीग आली तं लांबी गेलेली. जो ग्राउंड सोडन त्याचं ग्राउंड गेलं, हे दोघायले माहीत होतं. मंग जुन्यायनं काय केलं, आडवी फक्की मारली. त्याच फक्कीवरून. आडवे गोलपोस्ट लावले. एक मॅच अशी, एक मॅच अशी, चार टीमा, दोन बॉल, आन् मधात सगळे एकमेकाच्या अंगावर. लोकं समोसे खात होते, मोबाइल वर करून राहिले होते, असं तमाशात पण पाहायले भेटत नाही. मी पोट्टीले घेऊन कुंपणापाशी उभी होती. मले ते पाहूनच भेव वाटत होतं.

आडव्या मॅचचे रेफरी बाबूजी. काळा ड्रेस, मोजे गुडघ्यापर्यंत. लांब मॅचमध्ये आमचे हे.

पयला हाफ तं हसण्यातच गेला. बॉल तिकडचा इकडे येये, कोणी चुकून दुसऱ्याच्याच बॉलले मारे. मंग दुसऱ्या हाफात शेठच्या टीमवर बॉल आला, समोरचा धिप्पाड पोट्टा धावून येऊन राहिला होता, हे त्याच्या आडवे निघाले, बॉल ह्यायच्याच पायात होता, आन् तिकडे आडव्या मॅचमध्ये कोणाचा तरी हात लागला बॉलले आन् बाबूजीनं शिट्टी फुकली.

हे थांबले.

बाकी कोणी नाही थांबलं. त्यायच्या मॅचचा रेफरी दुसरा होता, त्याची प्लास्टिकची शिट्टी, तिचा आवाज वेगळा. पण आमी त्या अंगणात राहणारे. ते पितळेची शिट्टी वाजली की हातातली बादलीसुद्धा जागच्या जागी राहे. ह्यायचा पाय असा भुईत रोवलेला, अंग थांबलेलं, आन् तो धिप्पाड पोट्टा तसाच येऊन धडकला. गुडघा उलटा फिरला. मी आवाज ऐकला नाही, इतक्या दुरून येतही नाही, पण मले वाटते मी ऐकला. बॉल गोलमध्ये गेला. शेठची टीम हारली.

बाबूजीनं आपली मॅच सोडली. आयुष्यात पयल्यांदा. दोन्ही फक्क्या तुडवत आले, ह्यायच्याजवळ गुडघ्यावर बसले, आन् मले पाहून म्हणाले, "मी फुकली. माही होती."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय आधीचा नाही झाला. धान्याचा बोरा उचलायचं काम गेलं. आन् शेठ काय म्हणाला? म्हणाला, हा मुद्दाम थांबला. राहते कुठी? जुन्या लीगच्या रेफरीच्या घरी. त्याच्या इशाऱ्यावर थांबला, गोल खाऊ घातला. नोकरी नाही, वरतून बंदी. जुन्या लीगची बंदी तं सही केली तवाचीच होती.

बाबूजीले समजलं तवा ते जेवून राहिले होते, अर्ध्यातून उठले. दुसऱ्या दिवशी रेफरीचा काळा ड्रेस घातला, मोजे वर ओढले आन् सदर बाजारात गेले, नव्या लीगच्या ऑफिसात, जिना चढून. मी आन् हे सोबत, हे कुबडीवर. शेठ एसीत बसेल होता.

"अरे वा, बाबूजी! आमच्याकडे यायले तयार झाले?"

"साक्ष द्यायले आलो. पोट्टा प्रामाणिक थांबला. माह्या शिट्टीची सवय हाये त्याले. बंदी काढा."

"साक्ष तं आपल्या माणसाची चालते बाबूजी. तुमी पलीकडचे."

बाबूजीले कोणी "पलीकडचे" म्हणन असं त्याहीले कधी वाटलं नसन. जिना उतरताना त्याहीनं कठडा धरला, चढताना धरला नव्हता.

तिकडे अध्यक्षाले खबर गेलीच. दुसऱ्या लीगच्या ऑफिसात पाय ठेवला म्हणून बाबूजीवर पण बंदी. ज्या नियमाचे ते सगळ्यात पक्के होते त्याच नियमानं.

त्या दिवशी संध्याकाळी नळ आला आन् शिट्टी वाजली नाही. आमी सगळ्या बाया बादल्या घेऊन उभ्या. मागच्या खोलीतली बाई, जे रोज भांडे, तेच म्हणाली, "बाबूजी, फुका ना."

"मी बंदीत हाये बाई."

"अहो, हे का ग्राउंड हाये?"

"बंदी माणसावर राहते. ग्राउंडवर नाही."

गळा मोकळा होता त्याहीचा. दोरीची पांढरी खूण तेवढी दिसत होती. त्या नळावर मंग रोज भांडणं झाली, एकदा तं डोकं फुटलं एकाचं. बाबूजी खाटेवर बसून पाहत राहे, मधात पडत नव्हते. रविवारी सकाळी मात्र काळा ड्रेस घालून बसे, तोंड भिंतीकडे, मॅचचा टाइम संपला की उठून ड्रेस बदलवे. पोट्टीले झटका आला की तेवढे येये. घड्याळावर बंदी नाही म्हणे.

पुढच्या वर्षी दोन्ही लीगायचं एक झालं. काही भांडण नाही, काही नाही. स्पॉन्सर म्हणाला एका शहरात एकालेच देतो, तं झाले एक. शेठनं अध्यक्षाले पेढा भरवला, अध्यक्षानं शेठले, फोटो निघाला. आमाले वाटलं, चला, आता पलीकडे कोणी राहिलंच नाही, बंदी कायची? तं म्हणे नाही, दोन्ही लीगच्या सगळ्या बंद्या नव्या कमिटीनं जशाच्या तशा घेतल्या. म्हणजे ह्यायच्यावर आता दोन होत्या, एकाच लीगच्या.

बाबूजीले त्यायनं निरोप पाठवला. तुमाले परत घेतो, मान देतो, फक्त एवढं म्हणा की पोट्टा आपल्या मनानं थांबला, माह्या शिट्टीनं नाही. म्हणजे ऑपरेशनची, गेलेल्या नोकरीची भरपाई कोणी मागायले येणार नाही. मी आयकून राहिली होती. मले वाटलं, म्हणून टाकतीन, म्हातारा माणूस, रविवार परत भेटन. आन् आपल्याले तं तसंही काही भेटणार नव्हतं.

"मी फुकली ते मी फुकली," बाबूजी म्हणाले आन् दार लावून घेतलं.

थंडीत गेले. सकाळी मी च्या घेऊन गेली तं उठले नाही.

तेरवीले अंगणात सतरंज्या टाकल्या. पुण्याचा पोरगा आला, त्याची बायको आली. शेठ आन् अध्यक्ष एकाच गाडीतून उतरले, आन् एकाच सोफ्यावर बसले. असा माणूस होणे नाही म्हणाले. त्यायच्या नावानं शील्ड ठेवून राहिलो म्हणाले. आमचे हे लंगडत लंगडत च्याचा ट्रे फिरवून राहिले होते. मी कधी अशा लोकायसमोर बोलली नाही, पोट्टी कडेवर, पण तोंडातून निघून गेलं.

"भाऊ, बाबूजीवर तं बंदी हाये ना?"

शेठ हसला. "गेलेल्या माणसावर कायची बंदी, बाई? उठली समजा."

"आन् ह्यायच्यावरची?"

हे त्याच्याच समोर ट्रे धरून वाकेल होते. शेठनं कप उचलला, फुंकर मारली. "ते कमिटी पाहीन."

अध्यक्ष मोबाइलमध्ये पाहायले लागले. मले वाटलं पोरगा तरी काही बोलन, बापाच्या घरी बसून हे चाललं होतं. तो दारातून माह्याजवळ आला, पोट्टीच्या गालाले हात लावला आन् हळूच म्हणाला, "वहिनी, घर विकायचं आहे. या महिन्यात होईल ना तुमचं?"

झालं. म्हणजे करावं लागलं. आता आमी रिंगरोडच्या पलीकडे टिनाच्या खोलीत राहतो. हे एका बिल्डिंगच्या गेटवर बसते, बसून करायचं काम तेवढंच भेटलं. दवाखान्याले जायचं तं दोन बसा बदलवा लागते, आन् दुपारी दुसरी बस लवकर भेटत नाही. शील्डची मॅच झाली म्हणते, ह्यायच्या मोबाइलवर आली होती, ह्यायनं पाहिली नाही.

मी हे लिहून राहिली आन् पोट्टी बाजूले झोपली हाये. मधात मधात थांबते आन् पाहते, तिचा हात हालला काय, का नुसती पंख्याच्या हवेनं चादर हालली.